दीड किलो रवाना, पोच द्यावी

गोत्री, बडोदे
२ नोव्हेंबर २०२५

ती. अहल्याआत्यासाहेबांना धैर्यशीलचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही देवासहून पाठवलेले दिवाळीचे अनारसे पोचले. डबा उघडला, वास घेतला, झाकण लावलं आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये देऊन आलो. हे वाचून तुम्हाला वाटेल, पत्र दुसऱ्याच कुणाचं आहे. नाही, मीच आहे. तुमच्या थोरल्या भावाचा एकुलता एक मुलगा, वजन एकशे बेचाळीस किलो.

फोन न करता लिहितोय, कारण फोनवर आपलं कसं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी "वजन" म्हणालो की तुम्हाला "भजन" ऐकू येतं आणि तुम्ही गायला लागता. मागच्या खेपेला पाच कडवी झाल्यावर मी फोन ठेवला, ते रागावून नव्हे.

तर बातमी अशी, की माझ्या पोटाचं ऑपरेशन करायचं ठरलंय. झोपेत माझा श्वास बंद पडतो. मग रूपाली मला कोपर मारते आणि मी पुन्हा सुरू होतो. डॉक्टर म्हणाले, एखाद्या रात्री तुमच्या सौभाग्यवतींना गाढ झोप लागली तर काय कराल? म्हणून आता पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी करणार आहेत. पण त्याआधी दहा किलो मी स्वतः उतरवायचे, कारण माझं लिव्हर चरबीनं इतकं फुगलंय की त्याच्याखाली पोट आहे हे दुर्बिणीतून दिसतच नाही.

मनाचीही तयारी हवी, म्हणून दवाखान्यात मनाचेही एक डॉक्टर आहेत. ते म्हणाले, तोंड हलवावंसं वाटलं की हात हलवा, कुणाला तरी पत्र लिहा. सकाळपासूनचं हे तिसरं. पहिली दोन वर्तमानपत्राच्या संपादकांना गेली.

खाण्याचं सगळं तिथल्याच मोहनाबेन बघतात. दहा किलो उतरेपर्यंत त्यांनी रोज नुसतं पातळ घ्यायला सांगितलंय. सकाळी पातळ, दुपारी पातळ, संध्याकाळी पातळ. रूपालीही माझ्याबरोबर घेते, तिला मानवतंय. मला मात्र एवढ्यानं काय होणार, असंच वाटत राहतं.

तुमचा
धैर्यशील

---

देवास
८ नोव्हेंबर

चि. धैर्यशील यास अहल्याआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्मा लावून आणि एकदा देवापुढे बसून. आपल्या घरात आजवर पोटाप्रमाणे कपडे मोठे करत आले, कपड्यांप्रमाणे पोट लहान करणारा तूच पहिला. पण श्वासाचं वाचलं आणि म्हटलं, करून घे. श्वास काही पुन्हा शिवून मिळत नाही.

एक मात्र मला कळेना. सकाळी पातळ, दुपारी पातळ, संध्याकाळी पातळ! अरे, माझ्या लग्नातसुद्धा एका दिवसात तीन पातळं घेतली नव्हती, आणि तेव्हा तुझे आजोबा सरकारी घोड्यांच्या पागेवर हुद्देदार होते. आधी राग आला. मग भाजी निवडताना लक्षात आलं, ही मोहनाबेन पोचलेली बाई आहे. पातळ घ्यायला निघालं की दहा दुकानं पालथी घालावी लागतात, शंभर घड्या उलगडून बघाव्या लागतात. आपल्या घरातले पुरुष बायकोबरोबर साड्यांच्या दुकानात बसले की तहानभूक विसरतात. वजन उतरेल नाही तर काय!

रूपालीला मानवतंय म्हणतोस. मानवेलच की. कुठल्या बायकोला मानवणार नाही? पण "एवढ्यानं काय होणार" असं जे तू लिहिलंस ते मला आवडलं नाही. दिवसाला तीन घेऊन तुझं भागत नसेल तर आणखी किती घेणार आहेस?

फूल ना फुलाची पाकळी म्हणून माझ्याकडून एक पातळ पाठवते आहे. महेश्वरी आहे, कैरीच्या रंगाचं. तुझी एक वेळ भागेल.

तुझी
आत्या

---

गोत्री, बडोदे
१५ नोव्हेंबर

ती. आत्यासाहेबांना शि. सा. न.

पातळ पोचलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसलो. इतका हसलो की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले.

अहो, मोहनाबेन गुजराती. त्या म्हणाल्या, "धैर्यशीलभाई, खाली प्रवाही लेवानुं." म्हणजे नुसतं द्रवरूप घ्यायचं. मी आपला मराठीचा अभिमानी, त्याचं "पातळ" केलं. पातळ म्हणजे मुगाचं कढण, भाज्यांचं पाणी, बिनमिठाची छाश आणि कसलीशी पावडर, जी पाण्यात विरघळत नाही आणि माझ्या मनातूनही उतरत नाही. तुमचं पातळ मी मोहनाबेनना नेऊन दाखवलं. त्यांनी पोत बघितला, काठ बघितला आणि सवयीनं विचारलं, "आमां केटली केलरी?" यात कॅलरी किती! रूपालीनं ते घडी मोडून लगेच नेसलंसुद्धा. तिला शोभतं.

चावण्याची शिकवणी चालू आहे. ऑपरेशननंतर प्रत्येक घास पीठ होईपर्यंत चावावा लागणार, म्हणून आतापासून सवय. सध्या घासच नाहीत, तर मोहनाबेन म्हणतात, छाश चावा. परवा ऑफिसात ताक चावत बसलो होतो. साहेबांना वाटलं, मी मनातल्या मनात त्यांना शिव्या देतोय. ते अगदीच खोटं नव्हतं. चमचाही बदललाय. बाळाला घुटी पाजतात तेवढा चमचा माझ्या हातात असतो, आणि तो हातात आहे की खाली पडला हे मला बघावं लागतं.

पण आत्यासाहेब, परवा मनाच्या डॉक्टरांनी विचारलं, "वजन गेल्यावर तुम्ही कोण असाल?" सोसायटीत, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, सगळे मला मी जेवतो म्हणून ओळखतात. आग्रह करणाऱ्याला माझ्यासारखं गिऱ्हाईक नाही. उद्या मी दोन चमच्यांत पुरे म्हणालो तर माझ्याशी बोलणार कोण आणि कशाबद्दल? दहा किलो उतरणार नाहीत याची भीती वाटते. उतरतील याची त्याहून जास्त वाटते. हे रूपालीला सांगितलेलं नाही.

तुमची तब्येत कशी आहे ते तुम्ही कधीच लिहीत नाही.

धैर्यशील

---

देवास
२२ नोव्हेंबर

चि. धैर्यशील यास आशीर्वाद.

पातळाला पातळच म्हणतात. चूक तुझी आहे. मी परत मागत नाही, रूपालीनं नेसलं यातच सगळं आलं.

तब्येतीचं विचारलंस म्हणून सांगते. माझा उजवा खुबा झिजला आहे. ऑपरेशन करून नवा बसवायचा आहे. पण डॉक्टर हात लावायला तयार नाही. माझं वजन पस्तीस किलो भरलं. चाळीस तरी करा म्हणतो, इतक्या कमी अंगाला भूल द्यायला तो धजत नाही. भूल द्यायलासुद्धा आधी गिऱ्हाईक हवं, काय करणार! टेकडीवर देवीला जाऊन दीड वर्ष झालं. खालूनच हात जोडते. देवी काही खाली बघत नाही असं हल्ली वाटायला लागलंय.

तर बघ, तुला दहा नको आहेत. मला पाच हवे आहेत. तू ते उतरवतोस आणि टाकतोस कुठं? घरातली वस्तू अशी वाऱ्यावर सोडायची पद्धत आपल्यात नाही. इकडे पाठवत जा. पत्रात घालून पाठव, मी पोच देईन.

आणि भीतीचं म्हणशील तर, तू कोण असशील ते मला ठाऊक आहे. माझा भाचा असशील. बाकीच्यांचं त्यांनी बघावं.

तुझी
आत्या

---

गोत्री, बडोदे
१ डिसेंबर

ती. आत्यासाहेब यांस,

आपल्या आज्ञेप्रमाणे सोबत वजन दीड किलो रवाना करीत आहे. कमरेवरचं असल्यानं थोडं ढिलं आहे, वापरण्यापूर्वी घट्ट करून घ्यावं. माल एकदा वापरलेला असला तरी खानदानी आहे. वळ्यांवर लग्नाच्या पंगतींच्या खुणा दिसतील, त्या हरकत न घेता स्वीकाराव्यात. पोच द्यावी.

मनाच्या डॉक्टरांना ही व्यवस्था सांगितली. त्यांनी ती फाइलमध्ये लिहून घेतली, मग खोडली. शेवटी म्हणाले, चालू राहू द्या.

धैर्यशील

---

देवास
६ डिसेंबर

चि. धैर्यशील यास आशीर्वाद.

वजन पोचलं. पोस्टमन म्हणत होता, आजी, पाकीट हलकं आहे, यात काही नाही. मी म्हटलं, तुला काय कळतंय, माहेरचं आहे.

तू दीड लिहिलंस, इथं सव्वाच भरलं. पाव किलो वाटेत रतलामला उतरलं असावं, तिथं शेव चांगली मिळते आणि तुझ्या वजनाला सवय आहे. बडोद्याचं वजन जरा गोडसर लागतं, तुम्ही आमटीत साखर घालता म्हणून. मी ते गालांवर घेतलं आहे. रोज सकाळी शिरा करते, वर तूप सोडते. आणखी पाठव. घाबरू नकोस, जागा भरपूर आहे.

तुझी
आत्या

---

गोत्री, बडोदे
२१ डिसेंबर

ती. आत्यासाहेबांना शि. सा. न.

दहा तारखेला पाठवलेले सव्वातीन धरून एकूण साडेचार पोचले, हे तुमच्या कार्डावरून कळून आनंद झाला. म्हणजे तुमचं काम होत आलं.

या आठवड्यात मात्र काही पाठवता आलं नाही. नाताळामुळे पोस्टात फार गर्दी आहे, त्यात नाजूक माल हरवायचा. पुढं बघू. इकडे थंडी बरी आहे. रूपाली ठीक. बाकी विशेष काही नाही.

धैर्यशील

---

देवास
२७ डिसेंबर

चि. धैर्यशील,

आशीर्वाद आहेतच.

या आठवड्यात माझं एक किलो गेलं. कालच काट्यावर उभी राहिले होते. तू परत नेलंस का? न्यायला माझी ना नाही, तुझंच होतं ते. पण विचारून न्यायचं होतंस.

आत्या

---

गोत्री, बडोदे
१ जानेवारी २०२६

ती. आत्यासाहेब,

मी नेलं. पोस्टात गर्दी नव्हती.

मनाचे डॉक्टर म्हणाले होते, आवडत्या पदार्थाला मनातल्या मनात निरोप द्या. मला ते पटलं नाही. आपल्यात निरोप असा मनातल्या मनात देत नाहीत, जाऊन देतात. म्हणून फतेगंजात गेलो, तिथल्या शेवउसळीच्या गाडीवर. ठरवलं होतं, लांबून बघायचं, नमस्कार करायचा आणि फिरायचं. पण गाडीवाल्यानं मला ओळखलं. "घणा दिवसे, साहेब! मांदा हता?" आजारी होतात का, असं त्यानं इतक्या मायेनं विचारलं की मला आजारी आहे म्हणवेना. त्यानं न विचारता प्लेट भरली. वर तर्री, वर शेव, वर कांदा. निरोप तीन प्लेट चालला.

घरी येऊन रूपालीसमोर छाश चावत बसलो. दवाखान्याच्या काट्यावर तेव्हापासून एक हात भिंतीला टेकवून उभा राहतोय. मोहनाबेन फाइलमध्ये बघत असतात, त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

ही सगळी लबाडी मला पचली असती. माझं पोट अजून पूर्ण आकाराचं आहे. पण तुमचं पत्र आलं आणि मी त्या ओळीवर अडकलो. काट्यावर पस्तीस किलोची माझी आत्या उभी आहे आणि मी तीन प्लेटा खाऊन तिचा एक किलो घेऊन पळालोय, हे चित्र डोळ्यांपुढून जाईना. असं काही नसतं हे मला कळतं. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. तरी त्या दिवसापासून मी पावाकडे बघितलेलं नाही.

उद्या मोहनाबेनना भिंतीचं सांगतो. आज सोबत दोन किलो पाठवतोय, खरे. ते तुम्हीच घ्या, परत मागणार नाही.

धैर्यशील

---

देवास
१३ जानेवारी

चि. धैर्यशील यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला रडू आलं आणि मग लाज वाटली. आता माझं ऐक.

शुक्रवारी वजन करायला गेले होते. काट्यावर चढताना माझ्या ओच्यातून वरवंटा पडला. नर्सच्या पायावरच पडायचा, थोडक्यात वाचली. डॉक्टर धावत आला. "माताजी, यह क्या है?" मी म्हटलं, भाच्याचं वजन आहे, बडोद्याहून आलंय. त्यानं वरवंटा उचलून बघितला, खाली ठेवला, आणि मला पुन्हा काट्यावर उभं केलं. चौतीस भरले.

तुझं एक ग्रॅमही मला लागलेलं नाही, बाळा. पोच मी खोटी देत होते. तू इतक्या हौसेनं पाठवत होतास, रिकाम्या हातानं परत कसं पाठवू? शिऱ्याचंही खोटं. रवा तसाच डब्यात आहे, त्यात आता किडे झालेत. एक किलो गेलं असं लिहिलं होतं तेवढं मात्र खरं होतं.

भूक लागत नाही असं नाही. लागते. पण एका माणसासाठी कुकर लावायचा, शिट्ट्या होईपर्यंत उभं राहायचं, पान वाढून घ्यायचं, आणि समोर भिंत. दोन घास होतात, मग वाटतं, पुरे. हे गेल्यापासून असंच चाललंय. त्यांच्यापुढे बसून मी तासतासभर जेवायचे. दात गेले तेव्हापासून मी सावकाश जेवते, त्यांची मात्र कधी तक्रार नसायची. आता वेळ कुणासाठी लावायचा?

डॉक्टरनं खुब्याचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलंय. त्याचं बरोबर आहे. तू तुझं ऑपरेशन नीट करून घे. तुझं खरं उतरलंय, त्यातलं काही माझ्या नावावर नाही. सगळं तुझं.

आत्या

---

गोत्री, बडोदे
८ फेब्रुवारी

ती. आत्यासाहेबांना शि. सा. न.

मोहनाबेनना भिंतीचं सांगितलं, दहा किलोही पुरे उतरले, आणि तुमचं पत्र ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हातात पडलं. इतका संतापलो की भीती कुठं गेली कळलंच नाही. सगळे म्हणत होते, काय धीराचा माणूस आहे, नाव शोभतं. टेबलावर घेतल्यावर भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, काही सांगायचंय? मी म्हणालो, वरवंटा. त्यांनी रूपालीला बाहेर जाऊन विचारलं, घरात काही वाद आहे का?

आता पोट केळ्याएवढं आहे. रात्री श्वास बंद पडत नाही. रूपाली सवयीनं अजून कोपर मारते, मी जागा होतो, आणि दोघंही चालू असल्याची खात्री करून झोपतो.

गेल्या आठवड्यापासून मऊ खिचडी मिळायला लागली. घुटीच्या चमच्यानं सहा चमचे. त्याला अर्धा तास लागतो. घाई केली की सगळं वर येतं. पहिल्या दिवशी रूपालीनं मोठ्या हौसेनं पाट मांडला, दोघं बसलो. तिचं ताट संपलं तेव्हा माझा दुसरा चमचा चालू होता. ती बिचारी उठली नाही, बसून राहिली. पण रिकाम्या ताटापुढे माणूस किती वेळ बसणार? तिनं मोबाइल काढला. दुसऱ्या दिवशी तिला शिकवायला शाळेत लवकर जायचं होतं. मी एकटाच खिचडी घेऊन बसलो, समोर भिंत. दोन चमचे झाले आणि वाटलं, पुरे.

तेव्हा मला तुमचं पत्र कळलं. आत्यासाहेब, मी तिथं बसून रडलो. मी आयुष्यभर इतका जेवलो आणि एकट्यानं जेवणं म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं.

मोहनाबेन म्हणतात, समोर कुणीतरी हवं, तुमच्याच गतीनं जेवणारं, नाहीतर तुम्ही एक तर घाई कराल किंवा सोडून द्याल. अख्ख्या बडोद्यात मी शोधलं. इथं लोक फाफड्याची प्लेट उभ्याउभ्या संपवतात. सहा चमच्यांना अर्धा तास लावणारं माणूस माझ्या माहितीत एकच आहे आणि ते देवासला राहतं.

मी तुम्हाला चार दिवस राहायला बोलवत नाहीये. तुमची सोय करतोय असंही समजू नका. खुब्याचे डॉक्टर इथंही आहेत, ते वजन वाढल्यावर बघू. मला समोर माणूस हवं आहे. या.

धैर्यशील

---

देवास
१४ फेब्रुवारी

चि. धैर्यशील यास आशीर्वाद.

"या एकदा" म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांना मीही "येईन हो" म्हणते आणि दोघंही सुटतो. समोर हवी असं मला बऱ्याच दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी भात केला. अर्धी वाटी खाल्ला.

शेजारच्यांचा मुलगा उज्जैनला गाडीत बसवून देतो म्हणाला आहे. पुढच्या शनिवारी दुपारी बडोद्याला पोचते. स्टेशनवर खुर्ची लागेल, ती सांगून ठेव. रूपालीला म्हणावं, माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस, तुझ्याच खिचडीत सहा चमचे जास्त टाक.

गाडीला उशीर होईल कदाचित. तरी जेवायला थांब.

तुझी
आत्या